नेमाचा साक्षी कोण?

वारकऱ्याच्या नेमाची नोंदवही कुठे ठेवलेली नसते. गळ्यात तुळशीची माळ घातली, एकादशी धरली, वर्षाची वारी पत्करली, की पुढे तो नेम पाळला की मोडला हे तपासायला दाराशी कोणी येत नाही. एकादशीला दार लावून कोणी चार घास खाल्ले, तर दिंडीतून त्याचे नाव कमी होत नाही. तरी हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो कोणाच्या भयाने चालला की कोणाच्या साक्षीने, हा प्रश्न मी कीर्तनात पुष्कळदा मांडला. त्याचा एक चांगला दृष्टांत मला सत्तरी ओलांडल्यावर सापडला, आणि तो सायकलच्या शर्यतीत. सायकलचा आणि परमार्थाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने थोडे सबुरीने ऐकावे.

आम्हा जुन्या कीर्तनकारांना सायकल परकी नाही. डहाणू रोडहून कासा, सायवन, उधवा, तलासरीकडच्या पाड्यांवर सप्ताहाला जायचे, तर एसटी मोठ्या रस्त्यावर सोडून जाई. पुढची वाट सायकलची. मागे कॅरिअरला पडशी, पुढे टाळ. पावसाळ्यात चाकांत चिखल भरला की तीच सायकल खांद्यावर येई. आता गुडघ्यांमुळे दिंडीत चालणे थांबले. माउलींची पालखी आज सासवडला, आज जेजुरीला, आज वाल्ह्याला, असे वर्तमानपत्रात वाचायचे आणि मनाने चालायचे. त्याच दिवसांत माझा सायकलवेडा नातू मोबाइलवर दुसरीच एक वाट न्याहाळत असतो. त्याच्याजवळ बसून मीही ती पाहू लागलो.

त्या वाटेवरच्या शर्यतीचे नाव टूर डिव्हाइड. ती 2008 सालापासून चालते. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सायकलस्वार कॅनडातल्या बॅन्फ गावाहून निघतात आणि अमेरिकेतून दक्षिणेला मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या अँटिलोप वेल्स या नाक्यापर्यंत जातात. अंतर सुमारे 4,400 किलोमीटर, आणि बहुतेक वाट कच्ची. खडी, माती, जंगलातल्या पायवाटा, अस्वलांचा वावर, आणि पाऊस झाला की चाक फिरू न देणारा चिखल. प्रवेशाची फी नाही, जिंकणाऱ्याला बक्षीस नाही. आळंदीहून माउली आणि देहूहून तुकोबाराय निघतात त्याच सुमारास तिकडेही माणसे घर सोडून निघतात.

ही वाट त्या खंडाच्या पाणलोटाच्या कण्याला धरून जाते. कण्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस पॅसिफिक महासागराकडे जातो, दुसऱ्या अंगाचा अटलांटिककडे. हे ऐकताच मला आपले त्र्यंबक आठवले. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला आपल्या बाजूच्या दिंड्या जव्हार, मोखाडा करीत घाट चढून त्र्यंबकेश्वरी जातात. तिथे ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला वळते आणि आपल्या पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळते. मेघ एकच, डोंगर एकच, वाटा दोन. समुद्राला न मिळणारी मात्र दोघींपैकी कोणीच नाही. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला तो याच डोंगरात. त्यामुळे वाट दोन समुद्रांमधल्या कण्यावरून जाते म्हटल्यावर माझे कान टवकारले.

पण माझे चित्त धरून ठेवले ते त्या शर्यतीच्या नियमांनी. सायकलस्वाराने आपला आपण निभाव लावायचा. दुकानात विकत मिळते ते घ्यावे, धर्मशाळेसारखी सर्वांना खुली जागा असेल तिथे निजावे. जे सर्वांना सारखे मिळते तेच आपणही घ्यायचे. बायकोने, मित्राने पुढच्या वळणावर डबा घेऊन थांबायचे नाही. अनोळखी माणसाने वाटेत आपण होऊन पाणी पाजले तर चालते, ठरवून मागवलेले चालत नाही. आपल्याकडे याला अयाचित वृत्ती म्हणतात. न मागता समोर आले ते प्रसाद म्हणून घ्यावे, आणि त्याची तजवीज मनातल्या मनातसुद्धा करू नये. साधूच्या मुखी शोभणारा हा नियम साहेबाच्या देशातले सायकलस्वार चिखलात उभे राहून पाळतात, याचे मला कौतुक वाटले.

दुसरा नियम असा, की वाट चुकली किंवा काही कामासाठी सोडली, तर जिथे सोडली तिथेच परत यायचे आणि तिथून पुढे निघायचे. पुढे कुठेतरी आडवाटेने येऊन मिळाले तर ते धरत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वाचता वाचता डुलकी लागली आणि दहा ओव्या सुटल्या, तर आपण पान मागे उलटतो आणि सुटल्या ओवीपासून पुन्हा वाचू लागतो. शेजारच्याला काही कळलेले नसते. आपल्याला कळलेले असते, तेवढे पुरे होते.

प्रत्येक सायकलस्वाराजवळ उपग्रहाला ठिकाण कळवणारे छोटे यंत्र असते. त्यामुळे नकाशावर त्याचा एक ठिपका सरकत राहतो आणि जगभरातली माणसे तो पाहतात. मी नातवाला विचारले, "अरे, या ठिपक्यावरून कळते का, की रात्री याला कोणी गुपचूप भाकरी आणून दिली?" तो म्हणाला, "नाही आजोबा. ते ज्याचे त्याने सांगायचे." हे उत्तर मला फार आवडले. ठिपका देह कुठे आहे ते सांगतो. मन कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही. तिथे आत बसलेला साक्षी लागतो. वारकरी त्याला पांडुरंग म्हणतो. तिकडचा सायकलस्वार त्याला काय म्हणतो ते त्याचे त्याला ठाऊक, पण त्या साक्षीवाचून ही शर्यत एक दिवसही चालणार नाही.

आपल्या मराठी माणसांनीही अशा दीर्घ वाटा तुडवल्या आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. ती पक्क्या रस्त्याची, सुमारे 4,800 किलोमीटरची. दोघांच्या गटातून ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. तिच्यात मागे गाडी असते, जेवण-औषध पाहणारी माणसे असतात. महाजन बंधूंनी आळीपाळीने सायकल चालवली, एकाने चालवायची आणि दुसऱ्याने अंग टाकायचे. सप्ताहातला विणेकरी ज्याने पाहिला आहे त्याला हे नवे नाही. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नाम अखंड राहते. तिथे अमुक इतका वेळ कोण उभा होता हे कोणी विचारत नाही, वीणा टेकली नाही एवढेच सर्वांना समाधान असते.

अलास्काची लेल विल्कॉक्स हिचेही मला नवल वाटते. 2015 साली ती टूर डिव्हाइडला गेली तेव्हा अँकरेज या आपल्या गावाहून सायकल चालवतच बॅन्फला पोचली, आणि मग शर्यतीला उभी राहिली. जुने वारकरी असेच घरून चालत आळंदीला येत आणि मग माउलींबरोबर पंढरीची वाट धरत. वारी घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते, ही त्यांची समजूत.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ती झोपेची. इंग्लंडचा माइक हॉल याने 2016 साली टूर डिव्हाइड चौदा दिवसांच्या आत पुरी केली. इतक्या थोड्या दिवसांत एवढी वाट म्हणजे निद्रेला फाटा देणे आलेच. पुढच्याच वर्षी, मार्च 2017 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका दीर्घ शर्यतीत पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याचा दोष मी झोपेला देत नाही. पण ते वाचल्यापासून रात्री सरकणारा ठिपका दिसला की जीव थोडा धास्तावतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार आणि निद्रा यांचा बेताचा मार्ग सांगितला, आणि माउलींनी तो उलगडून दाखवला. पालखीलाही मुक्काम असतात. पुण्यात विसावा असतो, सासवडला असतो. संध्याकाळी समाजआरती होते आणि मग तळ निजतो. लाखोंच्या पायांनी पंढरी गाठली ती या विसाव्यांमुळे. देह हे साधन आहे, त्याला झिजवावे, पण फेकून देऊ नये.

यंदा पौषात नातू कच्च्या वाटांनी डहाणूहून त्र्यंबकला सायकलने निघणार आहे. त्याच्या मनात एका दमात, रात्रभर चालवण्याचे होते. मी त्याला सांगितले, जव्हारला रात्री नीज, उजाडल्यावर घाट चढ, आणि मग निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोके ठेव. घड्याळाचा नेम नाथांनी मागितलेला नाही. वाटेत कोणी भाकरी दिली तर घे, पण कोणाला फोन करून मागवू नको. तो कबूल झाला. आता तो हे पाळतो की नाही, हे मी विचारणार नाही.

सज्जनहो, आपल्यातले पुष्कळ जण आता चालू शकत नाहीत. कोणाचा हरिपाठ आजारपणात सुटतो, कोणाचे पारायण कामात अडते. सुटले म्हणून नेम मोडला असे समजू नये, आणि पुढची पाने भराभर उलटून तो पुरा झाला असेही समजू नये. जिथे सुटले तिथे यावे आणि तिथून पुढे निघावे. पाहणारा आत बसलाच आहे.

रामकृष्ण हरी.