सगळे एका माळेचे मणी

पुढाऱ्यांविषयीची चीड आपल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेली आहे, सरकारं आली-गेली तरी ती ढळत नाही, असं मानायची रीत आहे. मला ते पटत नाही.

२०१४ साली नेदरलँड्समध्ये आक्केरमन, मुडे आणि झास्लोव्ह या अभ्यासकांनी या चिडीशी जोडलेली लोकवादी वृत्ती मोजायला विधानांची यादी केली. पुढाऱ्यांनी लोकांच्या मर्जीनं वागावं. मुरलेल्या राजकारण्यापेक्षा साधा नागरिक प्रतिनिधी म्हणून बरा. कितपत पटतं, एवढंच सांगायचं. पण उत्तर देताना माणसाच्या डोळ्यांपुढे कोणता पुढारी असतो? आपला माणूस खुर्चीत बसला, की ‘पुढारी’ म्हणजे उरलेले सगळे.

आपला कोण आणि ‘पुढारी’ कोण, हे किती पटकन बदलू शकतं, ते दिल्लीतच बघा. २०१४च्या उन्हाळ्यात लोकसभेच्या सातही जागा भाजपला. वर्षही उलटलं नव्हतं, तोच विधानसभेच्या ७०पैकी ६७ जागा ‘आप’ला. २०१९ आणि २०२०मध्ये जवळपास तोच खेळ पुन्हा. मग २०२५मध्ये साधेपणाची शपथ वाहणारे ‘आप’चे नेते केजरीवाल यांच्या बंगल्याला विरोधकांनी ‘शीशमहल’ म्हटलं आणि ‘आप’ २२वर आली, ते स्वतःही पडले. (दोन पक्षांच्या मतांतलं अंतर मात्र जेमतेम दोन टक्के. जागांचे आकडे बघून लोक पालटले म्हणणं घाईचं ठरेल.)

मला जास्त खटकते ती लोकपालाची गोष्ट. २०११मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा पांढऱ्या टोप्या आल्या होत्या. कायदा २०१३च्या डिसेंबरात संसदेत मंजूर झाला. पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. मधली पाच वर्षं ते पद रिकामं, आणि टोप्या कपाटात! २०१८मध्ये अण्णा त्याच मैदानावर पुन्हा बसले. लोकपालाची मागणी होतीच, जोडीला शेतकऱ्यांचे प्रश्नही होते. गर्दी मात्र तुरळक. २०११च्या टोपीवाल्यांपैकी कुणाचा माणूस तोवर दिल्लीच्या सचिवालयात होता, कुणाचा पंतप्रधान कार्यालयात.

शेजारच्या काकांना तेव्हा विचारलं होतं, या वेळी मोर्चा नाही का काढायचा? पुढाऱ्यांना शिव्या घालण्यात त्यांनी एका दिवसाचाही खंड पाडलेला नाही.

‘‘आता कशाला? आता आपलंच सरकार आहे की,’’ काका म्हणाले.