अभंग ओळ

आषाढात साकोली-लाखांदूरकडच्या धानाच्या बांध्या पाण्याने काठोकाठ भरतात आणि रोवणीला उधाण येते. घोट्यापर्यंत चिखलात रुतलेल्या बाया वाकून मागे मागे सरतात. त्यांच्या पुढ्यात पऱ्ह्यांची हिरवी ओळ उमटत जाते. दोन-चार काड्यांची चिमूट, अंगठ्याचा दाब, की रोप उभे. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या राखलेल्या तलावांचे पाणी पाटाने येते आणि ओळींच्या मुळाशी थांबते.

ओळ डोळ्यांत भरली की एकाचा आकडा आठवतो. रोपासारखा ताठ, एकामागे एक. चार एक मांडा, ११११. त्यांच्या दोन-दोनच्या जुड्या पडतात, म्हणून ही संख्या फुटते: ११ × १०१. लांबीला भाग गेला की ओळीलाही जातो. म्हणजे अभंग राहायचे तर लांबी मूळ संख्याच हवी. पण तेवढ्यानेही भागत नाही. पाच ही मूळ संख्या, तरी ११,१११ म्हणजे ४१ × २७१. दोन एकांच्या ११ नंतर थेट एकोणीस एकांची ओळ अभंग निघते, मग तेवीस एकांची, आणि त्यानंतर थेट ३१७ एकांची; मधल्या सगळ्या फुटतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशाच ओळींत रमले होते. १११ चा वर्ग १२३२१. चढून उतरणाऱ्या असल्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले.

संगणकाच्या द्विमान लिपीत एकांची किंमत उजवीकडून १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढते. तिथे पाच एक म्हणजे ३१, आणि ती मूळ आहे. पारख अशी: चार घ्या, वर्ग करून दोन वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. १४, मग ८, मग शून्य. तिसऱ्या पावलाला शून्य आले, ओळ अभंग ठरली. अकरा एकांना हे शून्य लाभत नाही. २०४७ म्हणजे २३ × ८९.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना १३,६२,७९,८४१ एकांची अशीच ओळ मूळ सापडली. नेहमीच्या दशमान अंकांत लिहायची तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक लागतात. यंत्रांनी ती शोधली, घडवली कुणीच नाही. वैनगंगेला वाट मिळण्याआधीही ती तितकीच अविभाज्य होती. तिच्यापुढे हात आपोआप जुळतात.

आणि तीही शेवटची मूळ संख्या नाही. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. शोधणारे थकतील, मूळ संख्या संपणार नाहीत.