बिनपासबुकाची बँक

बँक म्हटली की तिला काउंटर हवा, काउंटरला जाळी हवी, जाळीआड चहाला गेलेला कॅशिअर हवा आणि दोरीने बांधलेले, न उमटणारे पेन हवे, अशी माझी ठाम समजूत. बत्तीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढल्यावर माणसाच्या समजुती अशाच व्हायच्या! त्यामुळे एम.बी.ए.चे पहिले वर्ष संपवून पुतण्या डोंबिवलीस आला आणि "काका, इन्व्हेस्टमेंट बँकेत समर इंटर्नशिप मिळालीय, आठ आठवडे," म्हणाला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कुठली शाखा?"

शाखा-बिखा नव्हतीच. पासबुक नाही, लॉकर नाही. मग करतात काय? तर एका कंपनीला दुसरी कंपनी मिळवून द्यायची, कुणाचे शेअर बाजारात आणून द्यायचे आणि मधली फी घ्यायची.

"म्हणजे वधूवर सूचक मंडळ," सौ. म्हणाली.

सेबीच्या दफ्तरी या मंडळींना 'मर्चंट बँकर' म्हणतात; पण सौ.चा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

तयारीला प्रारंभ झाला तो उंदीर मारण्यापासून. म्हणजे संगणकाचा माउस कपाटात टाकण्यापासून. एक्सेल चालवायचे ते नुसत्या बोटांनी. माउसला हात लावणारा तिथे कच्चा समजतात म्हणे. शिवाय हाताने भरलेला आकडा निळा, सूत्राने आलेला काळा. हे सोवळेओवळे पाहून मात्र मला फार बरे वाटले.

मग 'इबिटडा' आला. सौ.ला तो गुजराती फरसाणातला प्रकार वाटला. व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्याआधीचा नफा तो इबिटडा. म्हणजे भाडे, वाणी आणि शाळेची फी जाण्यापूर्वी पगार मोजायचा! एक तारखेला सकाळी अकरा वाजता मीसुद्धा श्रीमंत असे.

पुढे कळले की उद्याचा पैसा आजच्या पैशापेक्षा स्वस्त असतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत, दर 12 टक्के धरला तर, फक्त 32 रुपये. सौ.ने हिशेब लगेच घरी आणला. "तू नोकरीत स्थिरावल्यावर आम्हाला काशीला नेणार होतास ना रे? मग आजच्या भावाने ती यात्रा कसाऱ्यापर्यंत तरी जाते का?"

पण खरी गंमत घसाऱ्याची. मुलाखतीत हमखास विचारतात तो प्रश्न त्याने मला घातला. घसारा 10 रुपयांनी वाढला तर काय होईल? कर 25 टक्के धरा. नफा साडेसातने घटतो. पण घसारा काही कुणाच्या हातात मोजून द्यावा लागत नाही, म्हणून ते 10 परत मिळवायचे. रोकड उलट अडीच रुपयांनी वाढते! ताळेबंदात यंत्रे 10 ने उतरली, रोकड अडीचने चढली, म्हणजे मालमत्ता साडेसातने कमी. समोर राखीव नफाही साडेसातनेच कमी.

"जुळलं!" मी ओरडलो. दहा पैशांच्या फरकापायी रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेल्या माणसालाच हा आनंद कळेल.

एकदा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, तर हा अंधारात हेच पुटपुटत बसलेला. मी दिवा लावला नाही.

"काका, सगळ्यांना नाही हो पक्की नोकरी देत. आठ आठवडे बघतात, मग काहींनाच देतात." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबांनी घराचे कागद ठेवलेत ना लोनसाठी."

बत्तीस वर्षांत असे कागद मी पुष्कळ ठेवून घेतले. पावती द्यायची, क्रमांक घालायचा, कपाट बंद करायचे. त्या कागदांच्या घरी रात्री दीड वाजता कोण जागे असते, हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता. काय बोलावे सुचेना. मी म्हटले, "आणि घसारा दहाने कमी झाला तर?"

तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून सगळे उलटे सोडवले.

रुजू व्हायच्या दिवशी, एप्रिलच्या त्या उकाड्यात, हा कोट घालून कुर्ल्याची लोकल पकडायला निघाला. तिथून शेअर रिक्षाने बांद्रा-कुर्ला संकुल. सौ. डबा घेऊन दारात.

"जेवायला किती वाजता येशील?"

"नक्की नाही काकू. दोन वाजतील."

"मग डबा कशाला? घरीच गरम जेव की!"

"रात्रीचे दोन, काकू."

सौ. काही बोलली नाही. आत गेली, दुसरा डबा भरून आणला आणि लॅचची किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात टाकली.