मोजक्या रंगांचा कोंबडा



"बाई, माझ्याकडे सहाच रंग आहेत," म्हणून रडणाऱ्या मुलीला मी एकदा नुसतं गप्प बसवलं होतं. ते अजून खटकतं.

फ्रान्समध्ये ओबुसाँ गावी भिंतीवर लावायची चित्रं लोकरीनं विणतात. पूर्वी त्यात शेकडो छटा वापरत. वेळ आणि खर्च दोन्ही वाढे. चित्रकार ज्याँ ल्युर्सा (१८९२–१९६६) यांनी मोजकेच रंग ठरवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. विणकराच्या नमुन्यावर नुसते आकडे! तरी त्यांचे कोंबडे, सूर्य, पानं अगदी जिवंत वाटतात.

आता मी मुलांना विचारते, "या सहांतून कोंबडा कसा करशील?" मग निळी शेपटीही चालते. नवी पेटी आणण्याआधी तुम्हीही एकदा विचारून बघा.