टीव्हीवरचं युद्ध आणि आपलं अनर्थदंड व्रत



युद्धाचे दिवस आले की आपल्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही जैन, मुंगीलाही जपता, मग सैन्याच्या बाजूनं कसं बोलता?" मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' चालू होतं तेव्हा माझ्या भाचीला तिच्या मैत्रिणींनी हेच विचारलं आणि ती माझ्याकडे आली.

उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं म्हणून मारणं ही संकल्पी हिंसा गृहस्थानं सोडायचीच. चूल, शेती, व्यापार यांत होणारी जमेल तेवढी कमी करायची. स्वतःचं, कुटुंबाचं, देशाचं रक्षण करताना घडते ती विरोधी. ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रानं जाणलेलं आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची मूर्ती उभी करणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. तलवार हाती होती म्हणून त्याचं श्रावकपण कुणी नाकारलं नाही.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले ६ जण होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री सैन्यानं दहशतवाद्यांच्या तळांवर हल्ले केले. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझं म्हणणं आहे ते १० मेला शस्त्रसंधी होईपर्यंत आपल्या घराघरांत जे युद्ध चाललं होतं त्याबद्दल.

आपली जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात. मग संध्याकाळ मोकळी, आणि समोर टीव्ही. ८ मेच्या रात्री कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. कुणी आपलं सैन्य थेट इस्लामाबादेत पोचवलं. सगळं खोटं निघालं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. मागं सतत भोंगे वाजत होते. शेवटी सरकारच्या नागरी संरक्षण विभागाला सांगावं लागलं की कार्यक्रमांत भोंगे वाजवू नका, खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक लक्ष देणार नाहीत.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. त्यांचा मुलगा तेव्हा जम्मूच्या बाजूला होता. त्या चार दिवसांत त्यांनी टीव्ही लावलाच नाही. मंदिरात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्या पोराच्या जिवावर हे फटाके उडवाय लागल्यात." दिवसभर फोन हातात धरून बसायच्या, आणि ग्रुपवर कुणीतरी 'आता थांबायचं नाही' म्हणून टाकायचं. ज्याच्या घरचं कुणी सीमेवर नाही, त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा.

पुंछला ७ मेला पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात आपलेच नागरिक गेले. त्यांत मदरशात शिकवणारे एक शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांनाच दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. घरच्यांचं काय झालं असेल? माणूसही गेला आणि त्याचं नावही मातीत घातलं.

पहलगामला एका नौदल अधिकाऱ्याची जान गेली. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. त्याची पत्नी एवढंच म्हणाली की न्याय हवा, पण मुसलमानांचा, काश्मिरींचा द्वेष करू नका. त्यावर तिला इतकी शिवीगाळ झाली की राष्ट्रीय महिला आयोगाला तिची बाजू घ्यावी लागली. मोहिमेला नाव सिंदूर, आणि जिचं कुंकू पुसलं गेलं तिनंच गप्प बसायचं! शस्त्रसंधी झाल्यावर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या मुलीलाही लोकांनी सोडलं नाही.

सिनेमावाल्यांनी तर कडी केली. मोहिमेच्या नावावर हक्क सांगायला रांग लागली. शस्त्रसंधी होण्याआधीच एका चित्रपटाचं पोस्टर आलं, आणि टीका झाल्यावर दिग्दर्शकानं माफी मागितली. युद्धाचे सिनेमे मीही बघते, 'बॉर्डर' बघताना रडलेही आहे. पण सिनेमा संपला की दिवे लागतात आणि सगळे घरी जातात. खऱ्या लढाईत सगळे घरी येत नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या बारा व्रतांतलं अनर्थदंड व्रत आठवा. अनर्थ म्हणजे ज्याला काही प्रयोजन नाही असं पाप. त्याच्या पाच प्रकारांत एक अपध्यान: द्वेषानं दुसऱ्याच्या वधाचं, बंधनाचं चिंतन. दुसरं दुःश्रुती: मन गढूळ करणारं, राग-द्वेष वाढवणारं ऐकणं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हे सांगितलं तेव्हा टीव्ही नव्हता, पण रात्री नऊच्या चर्चेला याहून नेमका शब्द मला सापडत नाही. सैनिकाच्या हातून हिंसा घडते तिला रक्षणाचं प्रयोजन आहे. सोफ्यावर बसून "आणखी मारा" म्हणणाऱ्याला कसलं प्रयोजन? देशाचं त्यात काडीचं रक्षण होत नाही. आणि आपल्याकडे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसतं अनुमोदलेलं, तिन्हीचा बंध पडतो.

मी घरात तीन नियम केले आहेत. बातम्या दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. सरकारनं किंवा सैन्यानं अधिकृतपणे सांगितल्याशिवाय कोणतीही लढाईची बातमी पुढे पाठवायची नाही. आणि मृत माणसाचा फोटो, तो कुठल्याही देशाचा असो, ग्रुपवर टाकायचा नाही. पाणी गाळल्याशिवाय आपण मुलांना देत नाही. मग कानावर पडणारं तरी न गाळता का द्यायचं?

तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर असा नियम आहे का? नसेल तर या अष्टमीला विषय काढा. आणि गल्लीत कुणा सैनिकाची आई असेल तर तिच्याकडे जाऊन बसा. तिला घोषणा नकोत, सोबत हवी असते.