उरलेले अडीच एकर

सगळे शेत विकणारा माणूस गाव सोडून जातो. तुकडा विकणाऱ्याला मात्र विकलेल्या जमिनीकडे रोज पाहत उरलेल्यात राहावे लागते. बीडहून सोलापूरकडे जाताना बिंदुसरा धरणाच्या परिसरात, पालीच्या शिवारात तुम्ही आलात, तर असे तुकडे तुम्हांला सहज ओळखता येतील. रस्त्याला लागून तारेचे कुंपण असते आणि शेती त्यामागे सरकलेली असते.

आमच्या चार एकरांपैकी रस्त्याकडचे दीड एकर आम्ही विकले. वडिलांच्या आजारपणाचे कर्ज फेडून उरलेल्या रकमेचे तीन वाटे झाले. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही घेऊन बहिणींची साडीचोळीवर बोळवण करण्याची रीत आपल्याकडे अजून मोडलेली नाही. माझ्या दोघी बहिणींनी सही केली ती खरेदीखतावर, आणि आपापला वाटा घेतला. भावकीत त्यावर पुष्कळ बोलले गेले. बोलणाऱ्यांपैकी कोणीही त्या कर्जाला जामीन राहिलेले नव्हते, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

विजेचा खांब विकलेल्या भागात गेला. नवी तार ओढावी, तर घर बांधायला पैसा उरत नव्हता. म्हणून पत्र्याचे घर बांधले आणि त्यावर सौर पॅनेल बसवले. दिवे, पंखा आणि भ्रमणध्वनी एवढ्यावर चालतात.

पाण्याचा हिशेब मात्र कागदावर मांडावा लागला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आमचे छप्पर 50 चौरस मीटरचे. 600 मिलिमीटर पाऊस झाला, तर 30,000 लिटर. त्यातले काही उडून-सांडून जाणारच. पण मराठवाड्यातला पाऊस हिशेबाने पडत नाही. 1972 चा दुष्काळ पाहिलेली माझी आई भर श्रावणातही हंडे मोजूनच पाणी काढते. गोबरगॅसच्या एक घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 25 किलो शेण लागते; आमच्या गाई ते कसेबसे पुरवतात. त्यावर चहा आणि भाजी होते. भाकरी चुलीवरच.

तुमच्यापैकी काहींनी दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेले थोरोचे ‘वॉल्डन’ वाचले असेल. मला तो लेखक प्रिय आहे; परंतु 1845 मध्ये तो तळ्याकाठी राहायला गेला, ती जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. सुमारे दोन वर्षांनी तो परतलाही. त्याला सातबारा, फेरफार, बहिणींच्या सह्या यांतले काही करावे लागले नाही.

विकलेल्या भागात आमचा कडुनिंब गेला. फवारणीच्या अर्कासाठी लिंबोळ्या त्याच्याच असत. नव्या मालकाने सावलीसाठी तो राखला आहे. पहिल्या ज्येष्ठात तिथल्या राखणदाराने लिंबोळ्यांची टोपली कुंपणावरून पुढे केली, तेव्हा आईने हात पुढे केला नाही. यंदा घेतली. टोपली परत देताना तीत चार भाकरी ठेवल्या.