भोंग्याचे गणित

साखर कारखान्यातील नोकरी सांभाळून मी गणिताच्या पदवीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा माझे वय ३२ होते. इतर विषय कष्टाने का होईना, उमगत गेले. ग्रुप थिअरीपाशी मात्र मी अडलो. तिथे ओळखीची आकडेमोड नव्हती. होत्या त्या केवळ व्याख्या आणि सिद्धान्त.

लाग्रांजचा सिद्धान्त तर एका ओळीचा : मर्यादित ग्रुपमधील घटकांच्या संख्येला त्याच्या कोणत्याही सबग्रुपमधील घटकांच्या संख्येने निःशेष भाग जातो. त्याची सिद्धता मी स्तोत्रासारखी पाठ केली. परीक्षेत प्रश्न आला तो असा : बारा घटकांच्या ग्रुपला पाच घटकांचा सबग्रुप का असू शकत नाही? तो मी कोरा सोडला. पाठ केलेले कशाविषयी आहे, हेच मला ठाऊक नव्हते. मी नापास झालो. निकालपत्र पत्नीलाही दाखवले नाही.

पुढच्या वर्षी ऐन गळीत हंगामात रात्री बाराचा भोंगा झाला आणि माझी नजर भिंतीवरील घड्याळाकडे गेली. आमच्या पाळ्या बदलतात त्या बारा, आठ आणि चार वाजता. बारात आठ तास मिळवले की आठ वाजतात. आणखी आठ मिळवले की चार. आणखी आठ मिळवले की पुन्हा बारा. या तिघांतील कोणतेही दोन आकडे मिळवा, बेरीज तिघांच्या बाहेर जात नाही. घड्याळाच्या बारा घटकांच्या ग्रुपमधील हा तीन घटकांचा सबग्रुप होता!

वहीच्या मागच्या पानावर मी हे तीन आकडे एक तास पुढे सरकवले : एक, नऊ, पाच. आणखी एक तास : दोन, दहा, सहा. मग तीन, अकरा, सात. चौथ्यांदा सरकवले, तर चार, बारा, आठ, म्हणजे मूळचेच तिघे परतले. घड्याळातील सर्व आकडे चार वर्गांत वाटले गेले होते. एकही सुटला नव्हता, एकही दोनदा आला नव्हता. सिद्धतेच्या पायऱ्या याच होत्या : सरकवल्याने वर्गाचा आकार बदलत नाही, दोन वर्गांत एक जरी घटक सामाईक निघाला, तर ते दोन्ही वर्ग एकच ठरतात, आणि प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या वर्गात असतोच. मग बारांची पाच-पाचांत वाटणी व्हावी कशी?

सकाळी घरी पोचल्यावर मी पत्नीला प्रथम जुने निकालपत्र दाखवले आणि मग ते पान. ती एवढेच म्हणाली, “वर्षभर एकट्यानेच वागवलंत?”

पुढे वाचनात आले की, लाग्रांज यांनी १७७०-७१ च्या सुमारास समीकरणांचा विचार करताना या कल्पनेला स्पर्श केला, तेव्हा ग्रुपची संकल्पना आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हती. ज्याचे नाव सिद्धान्ताला लाभले, त्यालाही तो आपल्या पुस्तकातील रूपात दिसला नव्हता. मला फार धीर आला.

त्या वर्षी मी उत्तीर्ण झालो. नंतर कळले की सिद्धान्ताचे उलट विधान खरे नाही. चार वस्तूंच्या अदलाबदलींतून बनणारा बारा घटकांचा एक ग्रुप आहे. बाराला सहाने भाग जातो, तरी त्याला सहा घटकांचा सबग्रुप नाही. मी पुन्हा अडखळलो. पण या वेळी पाठांतराला बसलो नाही. ते बारा घटक एकेक करून कागदावर मांडायला घेतले.